मोठं स्प्रॉकेट

मोटरसायकल माझी आहे. आरसीवर नाव माझं, मंजुळा. रोज पहाटे भाऊच्या धक्क्यावरून मासळी उचलून काळाचौकीच्या बाजारात नेते ती मी. आणि गाडीचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, बदलून घेतलं कोणी, तर माझ्या नवऱ्याने, दीपेशने. मला न विचारता.

कळलं कधी, तर आज रे रोडच्या पुलाच्या चढावर. मागे दोन क्रेट, पापलेट आणि बोंबील, वर बर्फ. दुसऱ्या गियरला गाडीत दमच नाही, पहिल्यात टाकली तर क्लच जळल्याचा वास. मागून ट्रकवाला हॉर्न मारून डोकं खातोय. उतरले, पदर खोचला आणि ढकलत वर नेली. बोंबील काय माझ्यासाठी थांबून राहणार आहेत?

पूल उतरल्यावर रघूचं गॅरेज. ह्याच रघूने माझ्या ओझ्यासाठी चेनचं पुढचं स्प्रॉकेट छोटं बसवलं होतं. छोटं असलं की गाडी पळते कमी, पण वजन ओढते. एवढं मलाही कळतं.

"रघू, गाडीला काय केलंस?"

"दीपेशभाऊ म्हणाले मोठं टाक. रविवारी मित्रांबरोबर हायवेला जायचंय ना. आता मोकळ्या रोडवर बघा कशी मस्त पळते."

"आणि मासळी कोण ओढणार, तुझा बाप?"

"वहिनी, घरातल्या माणसाने सांगितलं म्हणून..."

"मग मी काय शेजारची आहे?"

म्हटलं, जुनं बसव, आत्ताच्या आत्ता. तर ह्या शहाण्याने फोन काढला. एकदा भाऊंना विचारून घेतो म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्पीकरवर दीपेशचा आवाज, "तिला सांग, रविवारपर्यंत चालव तशीच. एवढं काय त्यात."

एवढं काय त्यात. तिकडे माझी गिऱ्हाइकं रिकामा ओटा बघून बाजूच्या चंपाकडे चालली असतील. एकदा दुसरीकडची सवय लागली की माणसं फिरून येत नाहीत, हे त्याला कोण सांगणार.

मी भांडले नाही. क्रेट उतरवले, गॅरेजच्या दारातच फळी मांडली, कोयता काढला आणि हाक दिली, "पापलेट घ्या, ताजे बोंबील घ्या." दोन बायका थांबल्या, मग आणखी आल्या. मासळीचं पाणी वाहत रघूच्या पान्यांपर्यंत गेलं. बुलेट दाखवायला आलेला एक साहेब नाकाला रुमाल लावून परत फिरला.

"वहिनी, धंद्याची वाट लागेल माझ्या."

"माझ्या लागलीच आहे. गाडी होईपर्यंत मी इथेच."

मग बसला खाली. चेन उतरवली, मोठं काढलं, खणातून माझं छोटं शोधून बसवलं, मागचं चाक सरकवून चेन ताणायला घेतली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दीपेश. रघूने फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हात ग्रीसचे आहेत," तो म्हणाला, आणि फोन तसाच वाजू दिला.