जाळीच्या दाराचा राखणदार

मी रोबोटच्या दारावरचा स्विच बोलतोय. मुठीएवढा, पिवळा, एका कडेला थोडा घासलेला. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत एक गाळा आहे, तिथे दवाखान्यातल्या खाटांच्या फ्रेम बनतात. त्या वेल्डिंग करणाऱ्या रोबोटभोवती लोखंडी जाळी आहे, जाळीला एकच दार आहे, आणि त्या दाराच्या चौकटीवर मी आहे. गाळ्यात माझ्याहून महाग शंभर वस्तू असतील. पण मी ‘थांब’ म्हटलं की तो रोबोट थांबतो.

माझं काम सोपं आहे. दाराला माझी पोलादी जीभ बसवली आहे. दार लागलं की ती माझ्या तोंडात शिरते आणि मी रोबोट चालवणाऱ्या पॅनेलला कळवतो की सगळं ठीक आहे. दार उघडलं की जीभ निघते आणि मी गप्प होतो. माझं गप्प होणं म्हणजेच रोबोटला थांबायचा हुकूम. हा निरोप मी दोन वेगवेगळ्या तारांवरून पाठवतो. एक तार काही कारणाने खोटं बोलली तर दुसरी खरं सांगेल, म्हणून दोन. दोघींचं म्हणणं जुळलं नाही तर पॅनेल कोणावरच विश्वास ठेवत नाही, काम थांबवतं. मला बनवणारे शहाणे होते.

इथे मला सहा वर्षं झाली. जाळीच्या आत-बाहेर सगळ्यात जास्त वावर सीतारामकाकांचा. मूळचे कणकवलीकडचे, वडील गिरणीत होते. रोबोटच्या वेल्डिंग टॉर्चच्या तोंडावर उडालेले धातूचे थेंब ब्रशने साफ करायला ते दिवसातून दहादा दार उघडायचे. गावच्या वेशीवर राखणदार असतो, तसा हा, असं ते माझ्याकडे बोट दाखवून नव्या माणसांना सांगायचे. तेव्हा माझी छाती फुगायची. स्विचला छाती नसते, पण फुगायची.

गेल्या पावसाळ्यानंतर माझ्यावर आळ आला. दार बंद असताना, कोणी हातही लावलेला नसताना रोबोट मध्येच थांबायला लागला. पॅनेलवर दरवेळी एकच मजकूर यायचा: दाराच्या स्विचमध्ये दोष. मिथुन इलेक्ट्रिशियनने मला दोनदा उघडून पुसलं, माझी जीभ सरळ केली, स्क्रू आवळले. दोन दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. लोक माझ्याकडे बघून तोंड वाकडं करू लागले. मी दोन्ही तारांवर खरंच सांगत होतो, पण एका तारेवरचं माझं म्हणणं वाटेतच कुठेतरी हरवत होतं.

राजेश सर उत्पादन बघायचे. माणूस वाईट नव्हता. नाशिकच्या एका दवाखान्याला खाटा वेळेवर पोचवायच्या होत्या आणि रोबोट तासाला तीनदा थांबत होता. एका शुक्रवारी सकाळी ते मिथुनला म्हणाले, आजच्यापुरता तो स्विच बाजूला काढ. मिथुनने पॅनेल उघडलं आणि माझ्या जागी पिवळ्या वायरचे दोन तुकडे जोडले; ह्याला म्हणतात शॉर्ट मारणं. झालं. आता दार उघडं असो वा बंद, पॅनेलला ते बंदच दिसणार होतं. मी दारावरच होतो, पण माझं ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. आणि हे सीतारामकाकांना कोणी सांगितलं नाही.

अकराच्या सुमारास रोबोट स्तब्ध उभा होता. पलीकडच्या टेबलावर पुढची फ्रेम बसली की तो आपसूक वळणार होता. काकांना वाटलं, नेहमीसारखा थांबलाय. त्यांनी दार उघडलं. माझी जीभ निघाली, मी दोन्ही तारांवर गप्प झालो. पॅनेलवरचा ‘दार बंद’चा हिरवा दिवा मात्र तसाच जळत राहिला. काका ब्रश घेऊन आत वाकले.

तेवढ्यात नीलम आली. ती आमची देखभाल बघणारी, घाटकोपरची, आयटीआय करून मग डिप्लोमा केलेली. त्या सकाळी ती पुरवठादाराकडे गेली होती आणि नुकतीच परतली होती. तिला उघडं दार आणि हिरवा दिवा एकत्र दिसले. तिने हाक मारण्यात वेळ घालवला नाही. धावत जाऊन तिने पॅनेलवरचं लाल बटण दाबलं. रोबोटचा हात वळायला लागलाच होता. तो काकांच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर थांबला.

काका बाहेर येऊन स्टुलावर बसले. ब्रश हातातच होता. मग म्हणाले, “बाय, दार उघडला की ता थांबता. ह्याच माका शिकवलेला.”

नीलमने पॅनेल उघडलं, पिवळे तुकडे काढले आणि राजेश सरांच्या टेबलावर नेऊन ठेवले. सर पांढरे पडले होते. तरी त्यांनी नाशिकची गाडी संध्याकाळी निघायची असल्याचं सांगितलंच.

“दोष सापडेपर्यंत मी चालू करणार नाही, सर,” नीलम म्हणाली. “तुम्हाला करायचं असेल तर काकांच्या जागी तुम्ही आत उभे राहा.”

सर मान हलवून बाजूला झाले.

मग ती माझ्याकडे आली. तिने वीज बंद केली, त्यावर स्वतःचं कुलूप घातलं, माझं झाकण काढलं आणि मीटरची टोकं माझ्यातल्या दोन्ही तारांच्या जोडांना लावली. पन्नास वेळा दार उघडलं, पन्नास वेळा लावलं. मी एकदाही चुकलो नाही. “हा तर झकास आहे यार,” ती स्वतःशीच म्हणाली. आयुष्यात मला मिळालेलं ते सर्वांत मोठं प्रशस्तिपत्रक.

म्हणजे दोष माझ्यात नाही, वाटेत. पण पॅनेलपर्यंतच्या दोन्ही तारा मोजल्या तर त्याही धड. तिने पॅनेलमधल्या नोंदी काढल्या. दरवेळी दोन नंबरचीच तार दगा देत होती, पहिली कधीच नाही. मग ती प्रत्येकाला विचारत फिरली: रोबोट थांबतो, त्या क्षणी आजूबाजूला काय चाललेलं असतं? मिथुनला आठवेना. काका मात्र चुळबुळले. “मी भरलेली ढकलगाडी घेवन हयसून गेलंय की ता थांबता,” ते हळूच म्हणाले. “माझ्यार आळ येतला म्हणान मी बोलूक नाय.”

नीलमने त्यांना तीच गाडी, तेवढ्याच फ्रेम भरून, तिथूनच न्यायला सांगितली. स्वतः पॅनेलपाशी मीटर लावून बसली. तार धड असेपर्यंत मीटर सलग वाजत राहतो. काकांनी गाडी ढकलली. चाक जमिनीवरच्या लोखंडी पत्र्यावर चढलं आणि आवाज तुटला. चाक उतरलं, आवाज परत आला. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

पहार आणून पत्रा उचलला तो राजेश सरांनी. खाली जमिनीतल्या चरात माझ्या दोन्ही तारांची केबल होती. पत्र्याची वाकलेली कड तिच्यात रुतली होती आणि आतली एक तार जवळजवळ तुटलेली होती. दाब आला की ती सुटायची, दाब गेला की चिकटायची.

नवी केबल जाळीवरून, पाइपातून नेली. नीलमने आधी एक तार सोडवून पाहिली, मग दुसरी. दोन्ही वेळा रोबोट सुरूच झाला नाही. शेवटी तिने रोबोट चालू केला आणि काकांना दार उघडायला सांगितलं. काकांचा हात कडीवर थबकला. मग त्यांनी उघडलं. मी गप्प झालो, आणि तो अजस्र हात जागच्या जागी थांबला. गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी निघाली. नाशिकवाल्यांना फोन राजेश सरांनी स्वतः केला.

आता रोज सकाळी कामाआधी, रोबोट थांबतो ना, हे दार एकदा उघडून पाहतात. राजेश सर हल्ली विक्रोळीच्या कारखान्यात असतात. परवा नीलम माझ्याशेजारी उभी असताना त्यांचा फोन आला. तिथला रोबोट मध्येच थांबत होता. आवाज मोठा होता, मला ऐकू आलं: “शॉर्ट मारलेला नाही. कोणाला मारूही दिलेला नाही. आधी काय बघू, ते सांग.”

माझी जीभ आता झिजत चालली आहे. दिवाळीच्या सुट्टीत माझ्या जागी नवा येईल, हे नीलमने वहीत लिहून ठेवलंय. वाईट वाटत नाही. नव्याला तुम्ही सांभाळून घ्या. तो अवेळी थांबवेल, तेव्हा चिडा हवं तर. पण त्याचं तोंड बांधू नका. काका अजून ब्रश घेऊन आत जातात, न घाबरता. मी आहे तोवर त्यांनी तसंच जावं.