कासवांचे कैवारी

"चार अंडी घातली म्हणून काय आता शेत कासवाच्या नावावर करू?" थोरला दीर बांधावरून असा ओरडला, की ओढ्यातले बगळे उडाले.

धाकटी भावजय वांग्यांना पाणी देत होती. शहर आता शेताच्या कुंपणाला येऊन टेकलं होतं. ओढ्याचे काठ सिमेंटनं बांधून झाले होते. कासविणींना अंडी पुरायला मऊ माती उरली ती यांच्या शेताच्या एका कोपऱ्यात. आणि थोरल्याला उद्याच्या उद्या नेमका तोच नांगरायचा होता. वरचं निम्मं शेत पडीक होतं, पण त्याची घाई नव्हती!

"भावजी, पिल्लं निघेस्तोवर थांबा की."

"घरात नाही दाणा आन् कासवाला पाव्हणा म्हणा! काम कर तुझं."

धाकटीनं पाणी पुढच्या वाफ्यात वळवलं. सांगून ऐकणारा गडी असता, तर थोरल्या जाऊबाईंचा जन्म सुखात गेला असता. त्याला एकच गोष्ट पचायची, ती म्हणजे कौतुक. दुपारी भाजी विकायला ती शहरात गेली, ती कासवं वाचवणाऱ्या मंडळाच्या दारातही टोपली टेकवून आली.

"आमच्या भावजींनी कासवांसाठी शेताचा कोपरा सोडलाय. फार जीव त्यांचा."

सकाळी थोरला ट्रॅक्टर घेऊन कोपऱ्यात शिरणार, तोच मंडळाची गाडी आली. पुष्पगुच्छ आला, कॅमेरा आला.

"कासवांचे कैवारी ते आपणच ना?"

थोरल्यानं नांगराकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं, आणि केसांवरून हात फिरवला.

"आता स्वतःच्या तोंडानं काय सांगू? पण मी जिता आहे तोवर इथं नांगर लागायचा नाही!"

टाळ्या पडल्या. त्याच्या नावाचा फलक कोपऱ्यात रोवला गेला. मंडळी जाताच तो धाकटीवर डाफरला, "इकडं पाय ठेवलास तर याद राख!"

"नाही ठेवत, भावजी."

पुढं पिल्लं निघाली त्या सकाळी थोरला शहरात भाषणाला गेला होता. कासवांसाठी शेतकऱ्यानं डोळ्यांत तेल घालून कसं जागावं, हा विषय. इकडं कावळे टपलेले. धाकटीनं हातातलं काम टाकलं आणि बटणाएवढी पिल्लं धडपडत ओढ्यात उतरेपर्यंत ती ढेकळं फेकत राहिली. शेवटचं पिल्लू पाण्यात दिसेनासं झालं, तेव्हा कुठं तिनं कंबर सरळ केली.

संध्याकाळी थोरला हार घालूनच घरी आला.

"दिवसभर काय केलंस गं?"

"काही नाही भावजी, कावळे हाकलले."

"रिकामटेकडी!" थोरला म्हणाला, आणि हार खुंटीला अडकवला.