बाबांच्या हातांची डीव्हीडी

माझ्या धाकट्या बहिणीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे आमच्या घरात हातांची एक वेगळीच बोली तयार झाली होती. बाबा शिंपी. त्यांची बोटं भलती चपळ, आणि त्या बोलीत सगळ्यात जास्त चहाटळपणा त्यांचाच. प्रत्येकाच्या नावाची खूण तेच ठरवायचे. गालाला चिमटा म्हणजे धाकटी, नाकाचा शेंडा वर ढकलला की मी. रागावले की मात्र ते हात खिशात घालायचे. मग धाकटीने कितीही हातवारे केले तरी व्यर्थ.

ती लग्न करून परदेशी निघाली तेव्हा बाबा दारात हात खिशात घालूनच उभे होते. मुलगा त्यांना पसंत नव्हता. त्याला त्यांनी खूण दिलीच नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी, अंथरूण धरण्याआधी, त्यांनी वहिनीला कॅमेरा लावायला सांगितला. माझी ही वहिनी लग्नांचं शूटिंग करायची. पुढच्या खोलीतच तिचा स्टुडिओ होता: दोन कॉम्प्युटर, एक जुना टीव्ही आणि खुर्च्यांवर वेटोळी घालून पडलेल्या वायरी. बाबा धाकटीशी मनसोक्त बोलले, हातांनी, आणि सवयीप्रमाणे तोंडाने पुटपुटतही. त्या टेपची डीव्हीडी होण्याआधीच ते गेले.

तिकडच्या टीव्हीची पद्धत निराळी. आपल्याकडे सेकंदाला पंचवीस चित्रं, तिकडे तीस. वहिनीने तिकडच्या पद्धतीची डीव्हीडी बनवली, बाबांच्या आवाजामागची पंख्याची घरघरसुद्धा निगुतीने काढली आणि पाठवून दिली.

मग मेहुण्यांचा फोन आला. चित्र लागतं, पण हात वाचता येत नाहीत, असं ते चाचरत म्हणाले. बाबा भराभर बोलू लागले की बोटांवर बोटं उमटतात. धाकटी विचारतेय, बाबांना बारा बोटं कधीपासून? विनोद तिचाच, पण विचारताना ती रडत होती. बाबांनी खिशातून हात काढले होते, आणि ते काय म्हणाले हे तिला कळत नव्हतं.

भाऊ म्हणाला, बाबा काय म्हणाले ते मी लिहून पाठवतो.

"तुम्ही लिहिलेलं ती तुमचं म्हणून वाचेल," वहिनी म्हणाली, आणि टेप पुन्हा लावून बसली.

मी शेजारी बसून बघत होते. पंचविसाची तीस करताना कमी पडणारं चित्र कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम शेजारची दोन चित्रं मिसळून बनवत होता. लग्नाच्या गर्दीत ते कुणाच्या ध्यानात येत नाही. इथे मात्र अख्खा शब्दच विरघळत होता.

वहिनीने मिसळणं बंद केलं. प्रत्येक चित्र जसंच्या तसं ठेवलं, सगळंच किंचित सावकाश चालवलं आणि कमी पडलं तिथे तेच चित्र पुन्हा दाखवलं. बाबांचं एकेक बोट लख्ख दिसायला लागलं. आवाज मात्र जाड झाला, बाबांना सर्दी झाल्यासारखा. मला ते ऐकवेना. आवाज तरी आधीचा राहू दे, म्हटलं.

वहिनीने कपाळावर हात मारला. "वन्सं, अहो, तो तिला ऐकू येणार आहे का? मागच्या वेळी मी सगळा जीव आवाजात ओतला, आणि हात सोडले मशीनच्या भरवशावर. आपल्याला ऐकायला मूळ टेप आहे की."

इतकी वर्षं धाकटीबरोबर वाढूनही मला हे सुचलं नव्हतं. वहिनी तर या घरात मागाहून आलेली.

दुसरी डीव्हीडी पोहोचल्यावर मेहुण्यांनी पुन्हा फोन केला. वहिनीने घेतला, मी रिसिव्हरला कान लावला.

"बाबांनी मला खूण दिलीय," ते म्हणाले. "कानाची पाळी ओढायची. सकाळपासून ती मला त्याच नावाने हाक मारतेय. आणि म्हणते, ती लहान असताना बाबा असेच सावकाश बोलायचे."

वहिनीने विचारलं, "बोटं किती दिसली?"

"दहाच."

"मग ठीक," म्हणून तिने रिसिव्हर माझ्या हातात दिला आणि खुर्चीवरच्या वायरी गुंडाळायला घेतल्या.