सोडतीचा माइक

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. माझ्या पोलादी जाळीला दोन ठिकाणी पोचे पडले आहेत, अंगावरचा काळा रंग उडाला आहे, आणि ज्या कारखान्यात माझा जन्म झाला त्याचे नाव असंख्य घामट हातांनी केव्हाच पुसून टाकले आहे. त्याचे मला दुःख नाही. नाव मिरवणाऱ्यांचा मला मुळातच तिटकारा आहे.

माझी घडण साधी आहे. जाळीच्या आत स्पंजाचे अस्तर, त्यामागे एक पातळ पडदा, पडद्याला चिकटलेले तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि त्याभोवती लोहचुंबक. समोर कोणी गायले की पडदा थरथरतो आणि त्या थरथरण्यातूनच वीज जन्म घेते. बाहेरून मला विजेचा घोटही पाजावा लागत नाही. जो ओठ जवळ आणील त्याचेच मी ऐकतो. पाठीमागे कोणी कितीही कोलाहल केला तरी मी त्याकडे दुर्लक्ष करतो. दुर्लक्ष करणे ही थोर विद्या आहे आणि ती मला जन्मतःच लाभली आहे.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या उसाच्या पट्ट्यातील एका गावच्या बोल्स क्लबात, म्हणजे गोळ्यांच्या खेळाच्या मंडळात, माझे आयुष्य गेले. पत्र्याच्या छताखाली चाळीस खुर्च्या, एक लाकडी मंच, बाजूला बार आणि बाहेर हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळवणारे वृद्ध, एवढेच त्या क्लबाचे वैभव. तेथे दर रविवारी दुपारी नेरिडा स्पिना गात असे. सत्तावीस वर्षे तिचा स्वर माझ्यातून गेला. त्या स्वराविषयी मी आदराने बोलेन. इतरांविषयी मात्र मला तसे बंधन नाही. बोलण्याआधी माझ्या डोक्यावर टिचक्या मारणारे, निखारा फुलवावा तसे माझ्यावर फुंकणारे, माझी जाळी मुठीत आवळून आवाज घुसमटवणारे आणि वर 'माइक बिघडलाय' असे म्हणणारे महाभाग मी इतके पाहिले आहेत की मनुष्यजातीच्या बुद्धीविषयी माझे मत फारसे अनुकूल राहिलेले नाही.

दोन गाण्यांच्या मधल्या वेळेत मला मंचावरून बारपाशी नेत. तेथे ग्लेनिस फोगार्टी नावाच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई माझ्यातून मांसाची सोडत पुकारत; तिची तिकिटे आधीच विकलेली असत. बक्षीस म्हणून सॉसेज, चॉप्स आणि बेकन भरलेली तीन ताटे असत. प्रत्येक क्रमांक तीनदा पुकारला जाई, आणि तेवढ्यात विजेत्याने 'ओ' दिली नाही तर चिठ्ठी पुन्हा काढली जाई. त्यामुळे त्या सभागृहात संपूर्ण शांतता केवळ सोडतीच्या वेळीच नांदत असे. संगीताला जे साधले नाही ते सॉसेजला साधले होते.

गेल्या वर्षी नेरिडाच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली. स्वर उरला, पण लहानसा. डॉक्टरांनी जोर लावण्यास सक्त मनाई केली. इकडे क्लबच्या कार्यकारिणीने ठरवले की तिचे पुनरागमन एक रविवार पाहावे. मागच्या खुर्चीपर्यंत गाणे पोहोचले नाही तर रविवारी दुपारी मंचावर फुटबॉलसाठी मोठा टीव्ही बसवावा.

तिचा धाकटा दीर डॅरिल तिच्या साथीला गिटार वाजवीत असे. उपकरणांची निवड त्याने आपल्याकडे घेतली. त्याच्या ज्ञानाचा उगम मोबाइलवरील चलच्चित्रांत होता. शहरातील वाद्यांच्या दुकानात तो वहिनीला घेऊन गेला. मी तिच्या पिशवीत होतो.

"वहिनी, हे डबडं आता फेकून दे. लोकांनी यातून सोडतीचे आकडे सांगितलेत. सॉसेजचा वास मारतो याला."

"मारू दे रे. मला फक्त जोर लावायला लागू नये."

"म्हणून तर हा नवा घ्यायचा! मोठ्या स्टुडिओत हाच असतो. मुंगी शिंकली तरी ऐकतो हा."

"मुंगीचं ऐकायला कोण येतंय, डॅरिल?"

दुकानात माइक पारखण्यासाठी एक खोली होती, आणि आवाज घुमू नये म्हणून तिच्या भिंतींना जाड गालिचे लावलेले होते. आत चिटपाखरू नव्हते. नेरिडाने नव्या माइकसमोर दोन ओळी गायल्या. स्वर खरोखर रेशमी आला आणि डॅरिल धन्य झाला. रणांगणावर न्यायचा घोडा देवघरात उभा करून पारखावा, तसली ही परीक्षा! मला पिशवीबाहेर काढण्याचीही तसदी कोणी घेतली नाही. नव्या माइकसोबत त्याने कमरेइतक्या उंचीचे दोन स्पीकरही घेतले. चाळीस खुर्च्यांसाठी! ते गाडीत चढवताना त्याच्या पाठीत जी उसण भरली, ती पुढे दोन आठवडे टिकली.

रविवार उजाडला. मला माझ्या जुन्या स्पीकरसह बारपाशी सोडतीच्या टेबलावर बसवण्यात आले. तेथून मला मंच स्पष्ट दिसत होता. डॅरिलने दोन्ही अजस्र स्पीकर नेरिडाच्या पाठीमागे, तिच्याकडेच तोंड करून उभे केले.

"असं ठेवलं म्हणजे आपल्यालाही आपलं झकास ऐकू येईल," तो म्हणाला.

त्या नवागत माइकने ऐकले, अगदी सगळे ऐकले. छताचे पंखे, बर्फाचे यंत्र, बिअरचे पेले, बाहेर गोळ्यावर आदळलेला गोळा आणि पाठीमागच्या स्पीकरमधून परत आलेला स्वतःचाच आवाज. या गर्दीत नेरिडाचा स्वर कोठेतरी चेंगरला होता. डॅरिलने आवाज वाढवला आणि माइकने अशी कर्कश शिट्टी मारली की पुढच्या ओळीतील वृद्धांनी कानांतली श्रवणयंत्रे काढून टेबलांवर ठेवली. त्याने आवाज कमी केला. मग गाणेच नाहीसे झाले. वाढवला, पुन्हा शिट्टी. अखेर नेरिडाने गळ्यावर जोर दिला. दुसऱ्या ओळीत स्वर फाटला. ती थांबली. तिचा हात गळ्यावरच्या वणापाशी गेला.

मागच्या खुर्चीवर कार्यकारिणीचे अध्यक्ष नेव्हिल ड्रेपर बसले होते. ते भिंतीकडे पाहू लागले. टीव्ही कोठे बसेल, हेच ते मोजत असावेत.

ग्लेनिसबाई मला हातात घेऊन उठल्या.

"पहिल्या ताटाचा नंबर माझ्या मुठीत आहे," त्या म्हणाल्या. सभागृह तत्क्षणी निःशब्द झाले. "पण आधी नेरिडा गाणार, मग मी नंबर सांगणार. मधे जो बोलेल त्याचं तिकीट मी फाडीन. बर्ट, तुझंसुद्धा."

"मी कुठं काय बोललो?"

"हे काय आत्ता बोललास!"

नेरिडा टेबलापाशी आली. "ग्लेनिसताई, आवाजच नाहीये गं माझा."

"मग हळू गा. कोण पळून चाललंय? नंबर माझ्याकडे आहे. ओठ टेकव याला. पुसलाय मी... म्हणजे, थोडासा."

नेरिडाने मला ओठांशी नेले. "डॅरिल, दोन सूर खाली घे. आणि वायर काढ गिटारची, नुसतीच वाजव."

तिचा पहिला स्वर माझ्या पडद्यावर उतरला, आणि मित्रांनो, मला लाज वाटली. हा कंठ संपला आहे, असे मी मनाशी म्हणालो. या कुजबुजीसाठी मला पुढे करून माझी शोभा कशाला करता? पण पळून जाणे माझ्या हाती नव्हते. थरथरणे तेवढे होते. ओठ अगदी जवळ असल्यामुळे तिच्या श्वासाची ऊब स्वराखाली पसरली. जो स्वर चढू शकत नव्हता तो खोल उतरू लागला. संथ जुने गीत होते. सत्तावीस वर्षांत तिने ते इतक्या खालच्या पट्टीत कधी गायले नव्हते. टेबलांवरची श्रवणयंत्रे एकेक करून पुन्हा कानांत गेली. गीत संपल्यावरही कोणी क्रमांक विचारला नाही.

प्रथम बोलले ते ड्रेपर. "ग्लेनिस, ताटं तीन आहेत ना?"

"तीन."

"मग तीन गाणी. प्रत्येक ताटाआधी एक. दर रविवारी असंच करू."

"आणि तुमचा टीव्ही?"

"ग्लेनिस, आधी नंबर सांग बाई."

मित्रांनो, उपकरण घ्याल तेव्हा पेटीवरची स्तुती वाचू नका. ज्या कंठासाठी ते घ्यायचे त्या कंठालाच विचारा, जेथे ते वापरायचे तेथे नेऊन पाहा आणि जेवढे एका माणसाला उचलवेल तेवढेच आणा. माझ्यासारख्याला टिचक्या मारू नका. माझी जाळी अधूनमधून काढून धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला थांबता येणार नाही. डॅरिलची मी येथवर यथेच्छ निर्भर्त्सना केली, आणि तो त्याला पात्रही आहे. त्याने तिचा स्वर भलत्या जागी पारखला. मी मात्र तो पुरता ऐकण्यापूर्वीच, पहिल्या सुरालाच, निकालात काढला. त्याने निदान तिच्यासाठी पाठ मोडून काहीतरी वाहून आणले होते. मी तिच्या ओठांशी असूनही मनाने तिच्याकडे पाठ फिरवली होती.