धाकटीची वजाबाकी

ग्रंथपालबाईंनी ते जाडजूड पुस्तक खरं तर रद्दीच्या गठ्ठ्यात टाकायला उचललं होतं. स्वतःची संगणकभाषा कशी घडवायची, हे शिकवणारं पुस्तक. अकरा वर्षांत एकाही वाचकानं ते नेलं नव्हतं. बाईंना त्याची कीव आली आणि त्या ते घरी घेऊन आल्या.

नवरा पडदे शिवायचा. बाहेरच्या खोलीत त्याचं मशीन आणि कापड कापायचं लांबलचक टेबल होतं. त्याच टेबलाच्या टोकाला बाईंनी लॅपटॉप मांडला.

"जगात भाषा कमी पडल्या का?" त्यानं विचारलं.

"शिकायला म्हणून करतेय. आत काय चालतं ते कळावं, एवढंच."

"आणि ही करणार काय?"

"आपण लिहिलेली एकेक ओळ वाचायची, अर्थ लावायचा आणि लगेच तसं करायचं."

"म्हणजे माझ्यासारखीच."

"तुम्ही अर्थ लावायची पायरी गाळता," बाई म्हणाल्या.

चार महिने रोज संध्याकाळी त्या टेबलाशी बसल्या. आधी त्या नव्या भाषेला आकडे ओळखता येईनात, मग कंसांनी छळलं. हळूहळू ती मार्गी लागली. 'ठेव' म्हटलं की आकडा लक्षात ठेवायची, 'दाखव' म्हटलं की दाखवायची. काही बिनसलं की मात्र नुसतं 'चूक' म्हणून गप्प बसायची. नवऱ्याला हा स्वभाव चांगलाच ओळखीचा वाटला. "कुठं चुकलं ते सांगायचं नाही, आपलं आपण ओळखायचं," तो सुईत दोरा ओवता ओवता म्हणाला. दुसऱ्याच दिवशी बाईंनी चुकलेल्या ओळीचा क्रमांक सांगायची सोय केली. मुलगी शिकायला परगावी गेलेली, म्हणून त्यानं या भाषेचं नाव ठेवलं धाकटी.

एका सकाळी कपड्यांच्या दुकानातून ट्रायल रूमच्या चार पडद्यांचं काम आलं. असली मापं तो तोंडी काढायचा. त्या दिवशी मात्र बायकोला बरं वाटावं म्हणून त्यानं धाकटीला विचारलं. दांडीची उंची दोनशे सेंटिमीटर, त्यातून जमिनीपासून मोकळे सोडायचे दहा वजा, खालच्या दुमडीचे बारा अधिक. धाकटीनं उत्तर दिलं, एकशे अठ्ठ्याहत्तर. त्यानं तेवढं कापलं, शिवलं आणि पडदे पोचवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाच्या मालकीणबाईंचा फोन आला. "पडदे छान आहेत हो. पण आत कोण आहे ते लोक पोटऱ्यांवरून ओळखतायत."

संध्याकाळी बाई घरी आल्या, तर तो लॅपटॉपसमोर हाताची घडी घालून बसला होता. त्यानं सगळं सांगितलं. बाईंनी कागदावर हिशेब मांडला. दोनशे दोन यायला हवे होते. पडदे चोवीस सेंटिमीटर तोकडे झाले होते.

"चोवीस वर्षं शिवताय. कापताना हाताला कळलं नाही?"

"कळलं की. पण म्हटलं, तू इतके महिने घासलंयस, ती कशी चुकेल? माझाच हात म्हातारा झाला असेल."

बाईंनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि तासाभरात त्यांना गोम सापडली. धाकटी डावीकडून हिशेब करायच्या ऐवजी शेवटाकडून करत होती. आधी दहा आणि बारा एकत्र करायची आणि मग सगळेच दोनशेतून वजा करायची.

"मागून मोजत होती ती," बाई म्हणाल्या.

"नशीब. मागून बोलत नव्हती ना?"

रविवारी दोघं दुकानात गेली. पडदे उतरवून त्यानं खाली गडद कापडाची रुंद पट्टी जोडली. बाईंनी टाचण्या लावल्या, त्यातल्या निम्म्या त्यानं न बोलता काढून पुन्हा लावल्या. मालकीणबाईंना पट्टी आवडली. चूक कुणाची, असं त्यांनी विचारलं तेव्हा दोघंही एकदमच "माझी" म्हणाली.

त्यानंतर बाईंनी धाकटीची परीक्षा घ्यायला शंभर गणितं लिहिली आणि नवरा तर तिच्या मागेच लागला. शिलाई झाली की बसून तिला अडवायचे प्रश्न शोधायचा. एका दुपारी तो थेट ग्रंथालयात येऊन उभा राहिला. गळ्यात टेप तसाच, बाहीला दोऱ्याचे तुकडे.

"पडद्याच्या दोन कड्यांमधलं अंतर काढत होतो," तो धापा टाकत म्हणाला. "कड्या किती, त्या जागी चुकून शून्य पडलं. शून्यानं भागायला लावलं म्हणून ती सपशेल आडवी झाली. ओळीचा क्रमांकसुद्धा सांगितला नाही."

वाचणाऱ्या दोघातिघांनी माना वर केल्या. इतका खूश झालेला नवरा बाईंनी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. मग त्यांनी खणातून एक कोरी चिठ्ठी काढली, समोरची खुर्ची पुढे सरकवली आणि पेनाचं टोपण उघडलं. "आता सावकाश सांगा. आधी काय लिहिलं होतं?"