ओटीतली पातूर

“मामी, ओटीतली भाजी टाकून द्या,” भोजराज म्हणाला. त्याचं तोंड मात्र शेताच्या कडेच्या धुऱ्यावरच्या पळसाकडे होतं. सासूशी जवायानं समोरासमोर बोलू नये, म्हणून तो झाडाशी बोलत होता.

धुरपता बांधीत, धानाच्या खाचरातल्या चिखलात वाकलेली होती. ती तशीच वाकून राहिली. “कायले?”

“परवा सांजेले या बांधीत औषध मारलो मी. रातच्या पाण्यानं वास गेला. भय्याजी मालकानं सांगतलं, बायांले बोलू नोको, निंदण राहून जाते. मी घरच्यापुरतं सांगून राहिलो. चंद्रकलाले ते देऊ नोका.”

एवढं बोलून तो फावडं उचलून पाण्याची वाट मोकळी करायला निघून गेला. घरच्यापुरतं सांगून झालं होतं. त्याच्या हिशेबी तो मोकळा होता.

धुरपतेचा हात धानाच्या बुंध्याशी थांबला. तिच्या डाव्या-उजव्या हाताला एका ओळीत तेरा बाया निंदत होत्या. चौदावी ती, आणि पुढारीणही तीच. एकोडी गावात निंदणाच्या बायांची एक रीत होती. मजुरी मालक देई, भाजी बांधी देई. गवत उपटता उपटता पातूर, केना, कुंजर असं खायचं काही हाताला लागलं की ते ओटीत जायचं, आणि संध्याकाळी चुलीवर चढायचं. ती भाजी कोणी मागत नसे, कोणी नाकारतही नसे. देणाऱ्याचं काही जात नाही असं दान मालकलोक फार मोकळ्या हातानं करतात.

आणि धुरपतेची लेक चंद्रकला घरी सातव्या महिन्यात होती. साकोलीच्या नर्सबाईनं तिच्या डोळ्यांची पापणी खाली ओढून बघितली होती आणि सांगितलं होतं, रक्त कमी आहे, हिरवी भाजी रोज खा, गिरणीचा पांढराफेक तांदूळ सोड, उखळात कांडलेला खा. धुरपता पंधरा दिवस पहाटे कांडत होती. भाजी तर फुकटचीच होती. आज तिनं कोवळी कोवळी पातूर वेचून घेतली होती.

“धुरपताबाई,” शेजारून पंचफुला ओरडली, “आज तुमची ओटी लईच फुगली! सातवा पोरीले लागला का तुमाले?”

ओळभर हसू पसरलं.   धुरपतेनं पंचफुलेच्या ओटीकडे बघितलं. तीही गच्च होती. पंचफुलेच्या घरी तीन लेकरं होती, आणि धाकटी अजून पानं नीट चावायलासुद्धा शिकली नव्हती.

घरच्यापुरतं. हा शब्द तिच्या डोक्यात काट्यासारखा अडकला. एकटीनं ओटी रिकामी करावी, ‘पोट दुखते’ म्हणून घरी जावं, बोभाटा नाही. बोललं, तर पहिला सवाल येणार, कोणी सांगितलं? भोजराज पोळ्यापासून भय्याजीकडे सालकरी, वर्षाच्या बोलीवरचा गडी होता. त्याच्या गावी, सानगडीत, त्याला काम नव्हतं. ही जागा धुरपतेनंच शब्द टाकून मिळवून दिली होती. लेकीचं बाळंतपण त्याच कामावर उभं होतं.

पायाशी पाण्यात एक खेकडा उताणा तरंगत होता. पलीकडे आणखी तीन. सकाळपासून एकही बेडूक पायावरून उडाला नव्हता, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. चाळीस वर्षं जी चिखल वाचत आली, तिनं आज भाजीच्या लोभानं तो वाचलाच नव्हता.

ती उभी राहिली. ओटीची गाठ सोडली, आणि सगळी पातूर धुऱ्यावर झटकली.

ओळीतले हात थांबले. धुरपता भाजी टाकते, हे त्या बायांनी कधी बघितलं नव्हतं.

“काहून टाकली वो?”

“बांधीत औषध हाये. ओट्या खाली करा.”

भय्याजी छत्री घेऊन धुऱ्यावरून आला. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त गवताची घाई होती. “कोनं सांगतलं तुले?”

“खेकड्यानं.” तिनं उताणा खेकडा उचलून दाखवला.

“खेकडे म्हातारे होऊनबी मरते, धुरपता.”

“चार एका दिशीच म्हातारे झाले का, मालक?”

 भय्याजीनं हाक मारली, “भोजराज, इकडे ये गा. सांग बायांले, युरिया फेकला का नाई?”

“व्हय... युरिया,” भोजराज फावड्याच्या दांड्याला म्हणाला.

“मंग खा दोन पानं. बायांचा भेव जाऊ दे. दोन पानानं कोनी मरते का!”

भोजराजनं बाया बघितल्या, मालक बघितला. सासू तेवढी बघितली नाही. मग वाकून ढिगातली पातूर उचलली. त्याचा हात तोंडापर्यंत गेला आणि धुरपतेनं त्याचं मनगट धरलं.

लेकीच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. जवायासमोर तिचा पदर कधी कपाळावरून सरकला नव्हता. आता तिच्या चिखलाच्या बोटांची खूण त्याच्या हातावर उमटली होती, आणि तेरा बाया बघत होत्या.

“नोका खाऊ, बापू,” ती म्हणाली.

भोजराजच्या मुठीतली पानं गळून पडली. “मारलो,” तो म्हणाला. या वेळी झाडाशी नाही, सगळ्यांशी. “परवा मारलो. खोडकिड्याचं औषध. कितीक दिस बांधीत पाय टाकू नये, असं डब्यावर लिवून हाये. मी वाचलो होतो.”

“उद्यापासून येऊ नोको,” भय्याजी म्हणाला.

“नाई येत तो,” धुरपता म्हणाली. “पन मालक, विहिरीजवळच्या बांधीत, तुमच्या घरच्या खान्याच्या धानात, औषधाचा पंप काहून नाई फिरला?”

भय्याजीनं छत्री या हातातून त्या हातात घेतली. 

पंचफुला ओटी दोन्ही हातांनी धरून होती. “धुऊन घेतली तं? घरी दुसरं काहीच नाई वो.”

“धुऊन समदं नाई जात, बाई,” भोजराज म्हणाला.

 पंचफुलेनं गाठ सोडली. तिच्यामागून एकेक ओटी सुटत गेली, आणि धुऱ्यावर गुडघाभर हिरवा ढीग झाला. दवाखान्यात सांगतात तशीच हिरवी, ताजी, कोवळी भाजी.

“असंच टाकलं तं शेळ्या खातीन,” धुरपता म्हणाली. “गाडून टाका.”

भोजराजनं तिथंच खड्डा खणला. बायांनी पायांनी भाजी आत लोटली, वर माती ओढली आणि पंचफुलेनं ती टाचेनं दाबली. मग सगळ्या जणी दूरच्या बोडीवर, लहानशा तळ्यावर गेल्या, हातपाय घासून घासून धुतले आणि भरदुपारीच गावाच्या वाटेला लागल्या.   चौदाही जणींचा डावा हात सवयीनं पोटाशीच होता, रिकामी ओटी सांभाळत.