पाना आणि जात्याची तळी

आमच्या सासऱ्यांना, लटारूभाऊंना, सगळं सिंदेवाही ‘हातवाला मिस्त्री’ म्हणतं. नट आवळताना ते डोळे मिटतात, दात-ओठ खातात आणि एका क्षणी ‘हं’ म्हणून थांबतात. तो ‘हं’ आला की नट पक्का. मी आयटीआयला डिझेल मेकॅनिकचं शिकले आणि लग्न होऊन त्यांच्या गॅरेजात आले ती टॉर्क पाना घेऊनच. मुठीवर आकडा लावायचा, आवळत जायचं, ठरलेला जोर भरला की पाना स्वतःच ‘टक’ करतो. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, पहिल्यांदा ते ऐकलं आणि म्हणाले, “हाच सांगते तं मंग मी काऊन आहो इथी?”

त्यांना लागलं होतं, ते मला कळलं. पण मीही काही कमी तिखट नाही. वापरत राहिले.

भाताच्या रोवणीच्या तोंडावर बचत गटाचा पॉवर टिलर परत आला. आठवड्यापूर्वीच मी त्याच्या इंजिनाचं हेड बसवलं होतं आणि आता तिथूनच पाणी गळत होतं. चिखलणी अर्धवट टाकून गटाच्या अध्यक्ष धुरपताबाई स्वतः आल्या होत्या. जंगलातल्या गावच्या, मोहफुलं आणि हिरडा वेचून विकणाऱ्या, बोलायला रोखठोक. मामाजींनी आपला साधा पाना लावला, तर एकेक नट अजून पाव फेरा आवळला गेला, म्हणजे सगळे ढिलेच होते. माझी मान खाली गेली.

“तुहा पाना खोटा निघाला तं तू काउंटरवर बसजो,” मामाजी म्हणाले. “खरा निघाला तं मी बसतो.”

“चालेल,” मी म्हणाले. माझी जीभ नेहमी माझ्या पुढे चालते. काउंटर म्हणजे फोन घ्यायचा आणि बिलं फाडायची, ट्रॅक्टरखाली शिरायचं नाही. ट्रॅक्टरखाली शिरायला मिळावं म्हणून मी माहेरी अन्नपाणी सोडलं होतं.

पाना तपासायची लॅब नागपूरला, आणि रोवणी कुणासाठी थांबत नाही. घरगुती रीत मला ठाऊक होती. पान्याचं टोक व्हाइसच्या जबड्यात आडवं पकडायचं, टोकापासून अर्ध्या मीटरवर वीस किलो टांगायचे. वीसचे निम्मे दहा, म्हणून आकडा दहावर असेल तर बरोबर तिथेच टक व्हायला हवं. मी शेजारच्या किराणावाल्याकडून दहा-दहा किलोची दोन वजनं आणली.

धुरपताबाईंनी एक वजन उलटं करून पाहिलं. “हे हलकं आहे. याच्या बुडातलं शिसं कुठी गेलं, ते इचार त्याले,” त्या म्हणाल्या आणि टिलरच्या ट्रॉलीतून गोणपाटाखालची एक चीज ओढून काढली. जुन्या जात्याची वरची तळी. “बाजारात पोतं उतरवाच्या आधी हे काट्यावर ठेवतो आमी. काटा वीस म्हणते तं पोतं उतरते. नाई म्हणते तं दुसरं दुकान. भात संशोधन केंद्रातल्या बियाण्याच्या काट्यावर नेऊन, कोपरा छिलून छिलून बरोबर वीस केली हिले.”

तळीला मधोमध भोक होतंच. त्यातून दोरी ओवली. आकडा लावायला पाना डब्यातून काढला आणि मी थबकले. मूठ सगळ्यात वरच्या आकड्यावर होती. याआधीही दोन-तीनदा अशीच सापडली होती, तेव्हा वाटलं मीच विसरले. काम झालं की मी ती तळाच्या आकड्यावर उतरवून ठेवते, नाहीतर आतली स्प्रिंग दबून दबून थकते. दहा लावले, दांड्यावर अर्ध्या मीटरला खडूने खूण केली आणि दोरी टोकाकडून हळूहळू बाहेर सरकवत नेली.

टक. खुणेच्या चांगलं चार बोटं आधी.

पाना खोटा निघाला होता. मामाजी आता गॅरेज डोक्यावर घेतील, असं मला वाटलं. ते तळीचं भोक निरखत बसले.

“स्प्रिंग म्या थकवली,” शेवटी म्हणाले. “तू गॅरेजात पोचाच्या आधी मी येत होतो. हातानं आवळाचं, मंग या पान्यानं पाहाचं. माहा हात किती खरा आहे ते पाहून राह्यलो होतो. मूठ उतरवाचं ध्यानात नाई राह्यलं.”

“मग? किती खरा आहे?”

“तसा बरोबर आहे. राग आला का जास्त आवळते.”

धुरपताबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मला रागवायचं होतं, पण रागवता येईना. ज्यांच्या हाताची गावभर ख्याती, ते गुपचूप येऊन माझ्या पान्यापुढे परीक्षा देत होते.

मुठीच्या बुडाचा स्क्रू थोडा थोडा फिरवत मी ‘टक’ बरोबर खुणेवर आणला. नवी गॅस्केट टाकून हेड पुन्हा बसवलं. शेवटचा नट राहिला तेव्हा पाना मामाजींच्या हातात दिला. त्यांनी सवयीने डोळे मिटले. ‘हं’ आणि ‘टक’ एकदमच आले.

टिलर चालू झाला, पाणी गळेना. धुरपताबाई तळी ट्रॉलीत ठेवून चिखलणीला गेल्या. मामाजींनी मूठ तळाच्या आकड्यावर उतरवली, पाना पुसून डब्यात ठेवला आणि काउंटरमागच्या खुर्चीत जाऊन बसले.

“मामाजी, पैज तर मी हरले,” मी म्हणाले.

“पाना खोटा नोहता. खोटेपना माहा होता.” त्यांनी बिलबुक पुढ्यात ओढलं. “पन आठवड्यातून एखादा दिवस मले ट्रॅक्टरखाली जाऊ देजो.”

“देईन,” मी म्हणाले, “राग नसेल त्या दिवशी.”